कंसाबाहेरचा दोन

बाईंनी पुठ्ठ्याचा मोठा चौरस टेबलावर ठेवला, त्याच्या उजव्या अंगाला एक लांब पट्टी लावली, खालच्या अंगाला तशीच दुसरी लावली आणि कोपऱ्यात उरलेल्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

"इथे काय कमी आहे?"

सरांच्या सुनेनं मान तिरकी करून पाहिलं. "एक छोटा चौकोन."

"चौरस."

"चौरस. पट्टीची रुंदी तीन, म्हणजे तीन त्रिक नऊ."

"ते नऊ आणायचे कुठून?"

"उसने आणायचे. आणि काम झालं की निमूट परत करायचे. नऊ मिळवले, नऊ वजा केले, कुणाचं काही बिघडलं नाही." ती हसली. "बाई, शाळेत मला कुणी हे असं दाखवलं असतं ना, तर मी बेडूक कशाला चिरत बसले असते?"

बाईंनी पुठ्ठे गोळा केले. आपल्याला स्तुती आवडत नाही असं त्या सगळ्यांना सांगत; त्यामुळे त्यांची स्तुती करणाऱ्याला आधी ही अडचण ओलांडावी लागे, आणि जो ओलांडे त्याची स्तुती बाईंना खरी वाटे. सून पहिल्याच दिवशी ओलांडून बसली होती. हेच बाईंना खुपत होतं.

सरांचा क्लास म्हणजे दोन खोल्या. खाली पंक्चर काढण्याचं दुकान, त्यामुळे भूमिती असो की बीजगणित, मधूनमधून हवा भरण्याच्या यंत्राचा आवाज यायचा आणि जिन्यात रबराचा वास असायचा. खालच्या तुकड्या बाईंकडे, वरची तुकडी सरांकडे, अशी वाटणी कितीतरी वर्षं चालत आलेली. बाईंनी मुलांना अपूर्णांकाच्या चिखलातून हात धरून बाहेर काढायचं, वजाबाकीच्या चिन्हाची भीती घालवायची, समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याची सवय लावायची. मग ती धुतलीपुसलेली मुलं वरच्या तुकडीत सरांपुढे जाऊन बसायची आणि पहिली यायची. पाया बाईंचा, कळस सरांचा. फोटो कळसाचा निघतो, पायाचा काढायला कोण खणत बसतं?

मग सरांचा घसा बसला तो उठलाच नाही. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी यापुढे मोठ्यानं बोलायचं नाही म्हणून सांगितलं. बाई दवाखान्यात भेटायला गेल्या तेव्हा सरांनी त्यांना जवळ बोलावलं आणि कुजबुजले, "वरची तुकडी आता तुमचीच." साक्षीला सलाइनची बाटली होती. तीही पुढे रिकामी झाली.

सर घरी आले, मुलाचं लग्न उरकलं, सून आली. ती प्राणिशास्त्र शिकलेली. गणिताशी दहावीनंतर तिचा संबंध राहिला नव्हता. लग्नाआधी बालवाडीत शिकवायची आणि म्हणे तिथली रडकी पोरं तिच्या मागे बदकाच्या पिल्लांसारखी चालायची. सरांनी बाईंना घरी बोलावलं.

"वरच्यांना सूनबाई शिकवील," सर कुजबुजले. त्यांचं बोलणं ऐकायला हल्ली माणसाला वाकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. "हातोटी आहे तिच्याकडे. गणित काय, येईल. तुम्ही तयार करून द्या."

"सर, तुम्ही दवाखान्यात..."

"हो हो. मी कुठे नाही म्हणतो? पालकांचा फळा होऊ दे. पालकांचं मन नाही बसलं तिच्यावर, तर तुम्ही आहातच. पण घरचं माणूस आहे हो, बाई. एक संधी नको द्यायला?"

'पालकांचा फळा' ही सरांचीच टूम. वर्ष सुरू होण्याआधी एका रविवारी पालकांनी मुलांच्या शेजारी बाकावर बसायचं आणि वरच्या तुकडीचा शिक्षक त्यांच्यादेखत एक धडा घेणार. धडा संपला की मागच्या बाकावरच्या मुलानं उठून मनाला येईल ते गणित घालायचं आणि शिक्षकानं ते तिथल्या तिथे सोडवायचं. न पाहता, न थांबता. सर कधी अडले नव्हते. गावातले दुसरे क्लास रंगीत पत्रकं वाटत. सर फळा दाखवत. जो मागच्या बाकाला पुरून उरला तो खरा मास्तर, असं पालकांत ठरूनच गेलं होतं.

यंदाचा धडा सरांनी निवडून दिला: वर्गसमीकरण, पूर्ण वर्ग करून. मुलं तिथेच आपटतात म्हणून. पूर्ण वर्ग झाला की समीकरण आपणहून बोलतं, असं बाई म्हणत. त्याचा आलेख कुठे वळतो, सर्वांत खाली कुठे टेकतो, तो शिरोबिंदू नुसता वाचून सांगता येतो. बाईंच्या हातचा धडा. आता तो त्यांनी दुसऱ्याच्या हातात द्यायचा होता आणि तो हात कापू नये अशी इच्छाही धरायची होती. पहिलं काम बाईंना जमत होतं.

घरी यजमान पातेल्याच्या झाकणाची मूठ बसवत बसले होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरातला एकही स्क्रू शांतपणे बसू दिला नव्हता.

"काय म्हणते तुमची सवत?"

"असलं बोलू नका. शिकतेय. हुशार आहे."

"हुशार आहे? मग वाईट झालं."

पिशवीतले पुठ्ठे काढून बाईंनी भिंतीला टेकून ठेवले.

"माझी एक आत्या होती," यजमान म्हणाले. "कुणी कृती विचारली की सगळी सांगायची. मीठ किती, पाणी किती, आच कशी. मनाचा मोठेपणा इतका की समोरचा ओशाळायचा. एक जिन्नस तेवढा सांगायचा राहायचा तिचा. मग बायका म्हणायच्या, तुमच्या हातची चव काही येत नाही हो आम्हाला."

"मी स्वयंपाक शिकवत नाही."

"नाही, तेही खरंच. तुमच्या हातचा स्वयंपाक मी जेवतो ना." त्यांनी मूठ हलवून पाहिली. "पण मी म्हणतो, तिचं जमलं तर तुम्ही काय करणार? खालच्या तुकडीत बेरजा तपासत म्हाताऱ्या होणार?"

"तिचं नाही जमलं तर ते तिचं तिनं नाही जमवलं. मी त्यात नाही."

"असं," यजमान म्हणाले आणि दुसरा स्क्रू शोधू लागले.

शिकवणी रोज चाले. सून वेळेवर यायची, वहीत सुबक अक्षरात उतरवून घ्यायची, चुकलं की स्वतःच्याच कपाळावर हळूच टिचकी मारायची. वजा सहाचं अर्धं करताना चिन्ह कुठे जातं, ते बाईंनी तिच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं की शेवटी ती म्हणाली, "बाई, आता हे चिन्ह माझ्या स्वप्नात येतं आणि मलाच रागावतं." कंसाचा वर्ग उलगडून दाखवला. शिरोबिंदू वाचताना चिन्ह का फिरतं, ते दाखवलं. शेवटी एक्सच्या जागी शून्य घालून वरची ओळ आणि खालची ओळ जुळते का, हा बाईंचा नेहमीचा पडताळा, तोही सांगितला. कुणी बाजूला उभं राहून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पोटच्या पोरीला कुणी इतकं शिकवत नाही.

फक्त ज्या ज्या उदाहरणावर त्यांनी तिला घासलं त्या प्रत्येकात एक्स वर्ग एकटाच उभा होता. त्याच्यापुढे कुठलाही आकडा नव्हता.

आकडा असला की खेळ बदलतो. तो आधी कंसाबाहेर काढावा लागतो. मग कंसाच्या आत जे उसनं घालाल ते बाहेरच्या आकड्यानं वाढतं, आणि परत करताना ते वाढीव धरून परत करावं लागतं. मुलं नेमकी इथे फसतात. आत घातलं तेवढंच बाहेर काढतात आणि हिशेब चुकवतात. म्हणून बाई प्रत्येक तुकडीला हे पहिल्याच दिवशी सांगत. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल खडूनं लिहून ठेवत आणि धडा संपेपर्यंत कुणाला पुसू देत नसत.

लाल खडू डबीत होता. शेवटच्या दिवशी बाईंनी डबी उघडली, पांढरा खडू उचलला, लालकडे पाहिलं. एकदम सगळं ओतलं तर भांडं उतू जातं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. हे वाक्य त्यांनी आजवर कुठल्याच तुकडीबाबत म्हटलं नव्हतं.

"अजून काही राहिलंय का, बाई?" सुनेनं वही मिटता मिटता विचारलं. "म्हणजे मागच्या बाकावरून कुणी काही टाकलं तर?"

बाईंनी डबीचं झाकण लावलं.

"एवढं आलं की सगळं आलं," त्या म्हणाल्या.

रविवारी पालक आले. मुलांच्या बाकांत शिरताना मोठी माणसं आपोआप शाळकरी होतात. कुणी कोपर सावरत होतं, कुणी शेजाऱ्याकडे पेन मागत होतं. एका वडिलांचा गुडघा बाकात अडकला आणि त्यांच्याच मुलीनं डोळे वटारून त्यांना गप्प केलं. सर पुढे खुर्चीवर, गळ्याला मफलर. बाई सगळ्यांत मागे, दाराजवळच्या स्टुलावर.

मागच्या बाकावर बाईंच्याच खालच्या तुकडीतून वर आलेली एक मुलगी बसली होती. तिला सगळे 'खुसपट' म्हणत. पुस्तकातली उत्तरं चुकली की ती प्रकाशकाला पोस्टकार्ड पाठवायची. तिची आई शेजारी बसून हलक्या आवाजात बजावत होती, "सोपं घाल हं काहीतरी. नवीन आहे बिचारी." खुसपट ऐकत नव्हती, हे बाईंना तिच्या पाठीवरूनच कळत होतं. बाईंनी तिला काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

धडा छान झाला. सुनेनं पुठ्ठ्याचा चौरस फळ्याला टाचला, पट्ट्या लावल्या, रिकामा कोपरा दाखवून एका वडिलांना विचारलं, "काका, इथे काय कमी आहे?" काका म्हणाले, "झोप." खोली हसली. तीही हसली, थांबली, आणि हशा ओसरताना बरोबर त्या क्षणी छोटा चौरस कोपऱ्यात बसवला. पुढच्या बाकावरच्या एक आजी "अगोबाई, बसला की" म्हणाल्या. पुठ्ठे बाईंचे होते, वाक्यं बाईंची होती, कुठे थांबायचं तेही बाईंचं होतं. हसू तेवढं सुनेचं होतं, आणि लोक त्या हसण्याकडेच पाहत होते. स्टुलावर बसलेल्या बाईंच्या ओठांवर पुढचं प्रत्येक वाक्य आधी येत होतं, न बोलता विरत होतं.

मग सरांनी हात वर करून मागच्या बाकाकडे खूण केली.

खुसपट उभी राहिली. "दोन एक्स वर्ग, वजा बारा एक्स, अधिक सात. शिरोबिंदू सांगा."

सुनेनं फळ्यावर लिहिलं. एक्स वर्गाच्या पुढचा दोन लिहिताना तिचा खडू जरा रेंगाळला. तिनं वळून खोलीभर नजर फिरवली, आणि ती नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून दाराजवळच्या स्टुलावर येऊन थांबली. विचारत नव्हती, नुसती येऊन थांबली होती. पाण्यात पाऊल टाकण्याआधी काठावरच्या माणसाकडे पाहतात तशी.

बाई खाली वाकल्या आणि चपलेचा पट्टा नीट करू लागल्या.

वर पाहिलं तेव्हा सुनेनं दोन कंसाबाहेर काढला होता. कंसात एक्स वर्ग वजा सहा एक्स. सहाचं अर्धं तीन, तिनाचा वर्ग नऊ. नऊ कंसात घातले. परत करायचे म्हणून बाहेरच्या सातातून नऊ वजा केले. सुबक अक्षरात शेवटची ओळ उतरली: दोन गुणिले एक्स वजा तीनचा वर्ग, वजा दोन.

"शिरोबिंदू तीन, वजा दोन," ती म्हणाली.

सर खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांचं तोंड उघडलं, मफलर हलला, पण खाली नेमकी कुणाच्या तरी चाकात हवा भरत होती आणि त्यांची कुजबुज पहिल्या बाकापर्यंतही पोचली नाही. ते पुन्हा बसले.

"मॅडम," खुसपट म्हणाली, "शून्य घालून बघा ना."

सुनेनं वरच्या ओळीत शून्य घातलं. सात. खालच्या ओळीत घातलं. वजा तीनचा वर्ग नऊ, दुप्पट अठरा, त्यातून दोन गेले. सोळा.

वर सात, खाली सोळा. हवा भरण्याचं यंत्र थांबलं होतं. खोलीत इतकी शांतता झाली की मघाच्या आजींनी "काय झालं?" असं कुजबुजून विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरत गेलं. वरच्या तुकडीची ती खोली, ते टेबल, तो फळा. सोमवारी कुठल्या धड्यापासून सुरुवात करायची, तेही त्यांनी मनात योजून टाकलं. सुनेचे कान लाल झाले होते. लाल खडूइतके लाल, असं बाईंना वाटलं, आणि मग असं वाटायला नको होतं असंही वाटलं.

सुनेनं खडू खाली ठेवला. हात झटकले. फळ्याकडे पाठ करून ती सावकाश बाकांच्या मधल्या वाटेनं चालत आली आणि मध्यावर, एका बाकाशी, गुडघे मुडपून चक्क खाली बसली. बालवाडीत बसायची तशीच बसली असावी. खोलीतल्या सगळ्यांना तिच्याकडे पाहायला माना खाली कराव्या लागल्या.

"एक चोर आहे," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "या दोन ओळींच्या मधे कुठेतरी लपलाय. मला दिसत नाहीये. कुणाला दिसतोय?"

क्षणभर पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. पंधरा वर्षांच्या मुलांशी असं कुणी बोलत नाही. पोरं आता फिदीफिदी हसणार, असं बाईंनी धरलं. हसलीही. पण हसता हसता बाकावरून पुढे सरकली. एकजण म्हणाला, चोर सातात आहे. दुसरा म्हणाला, गप रे, नऊमध्ये आहे. गुडघा अडकलेले वडील म्हणाले, "चिन्ह चुकलंय, मी सांगतो," आणि त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही काही सांगू नका." आजी मागे वळून बसल्या. खोलीत कालवा झाला. सरांच्या तुकडीत असा कालवा कधी झाला नव्हता.

"नऊ नाही, अठरा काढायला पाहिजेत," खुसपट सगळ्यांवर आवाज चढवून म्हणाली. "कंसाबाहेर दोन उभा आहे ना. आतले नऊ म्हणजे अठरा झाले. सातातून अठरा, वजा अकरा."

"तुला कसं माहीत?" सुनेनं खालूनच विचारलं.

"आमच्या बाई हे पहिल्याच दिवशी सांगतात. लाल खडूनं लिहून ठेवतात, पुसूसुद्धा देत नाहीत."

"पहिल्या दिवशी?"

"हो. सगळ्यांना."

सून उठून उभी राहिली. तिनं दाराकडे पाहिलं नाही. फळ्यापाशी गेली, वजा दोन पुसून वजा अकरा लिहिलं, खाली शून्य घालून पुन्हा पडताळा घेतला. सात आणि सात. "चोर सापडला," ती म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एक गृहस्थ शेजारणीला समजावत होते, "मुद्दाम चुकली हो ती. आता पोरं जन्मात विसरणार नाहीत." पुढे सर एका पालकाच्या कानाशी लागले होते, नवी पद्धत आहे, असं ते सांगत असावेत, कारण तो पालक मोठ्या आदरानं मान हलवत होता.

पालक चहासाठी पलीकडच्या खोलीत गेले. बाई फळ्यावरून पुठ्ठे उतरवू लागल्या. मागे दार लोटल्याचा आवाज आला.

"बाई, ते दोनचं मला एकदा सांगा ना," सून म्हणाली. "ती मुलगी बोलली ते मी लिहिलं. कळलं नाही मला."

बाईंनी खडू घेतला. या खोलीत, या फळ्यापुढे उभं राहिलं की त्यांना दुसरं काही येत नसे. "हे बघ," त्या म्हणाल्या. इतके दिवस त्या तिला तुम्ही म्हणत आल्या होत्या. ती नको नको म्हणत असतानाही. "बाहेर दोन आहे. म्हणजे या कंसासारखे दोन कंस आहेत. तू आत नऊ घातलेस. पण घातलेस दोन्हीकडे. अठरा पडले. आणि काढलेस नऊच."

सुनेनं फळ्याकडे पाहिलं. ओठ हलवून एकदा मनाशी म्हटलं.

"कळलं," ती म्हणाली.

"कळलं ना?"

"हो. सोपं आहे." तिनं डस्टर उचललं, बाईंनी लिहिलेलं पुसलं आणि डस्टर जागेवर ठेवलं. "फारच सोपं आहे, बाई."

बाईंनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या. त्या नीट बसत नव्हत्या. त्यांनी त्या टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या.

"आणखी काही आहे का?" सुनेनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. बालवाडीत खिसा तपासताना काढतात तसा आवाज होता. "आठवून सांगा."

बाईंना नाही म्हणायचं होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "दोन-तीन ठिकाणं आहेत अजून."

"मग उद्या येते मी. नेहमीच्या वेळेला." ती दाराशी गेली, थांबली. "चला ना, चहा घ्यायला. सगळे वाट बघतायत."

पलीकडे सगळे कागदी पेले धरून उभे होते. सरांनी बाईंना हातानं बोलावलं. घसा गेल्यापासून क्लासमधल्या सगळ्या सूचना बाईच त्यांच्या वतीनं मोठ्यानं सांगत असत. त्यांचा आवाज खणखणीत होता, शेवटच्या बाकापर्यंत जायचा. बाई वाकल्या. सर त्यांच्या कानात कुजबुजले, बराच वेळ. मधे एकदा थांबून त्यांनी बाईंच्या हातावर थोपटलं आणि पुन्हा कुजबुजले.

बाई ताठ झाल्या. "सरांच्या वतीनं सांगते," त्या म्हणाल्या, आणि खोली लगेच शांत झाली. "उद्यापासून वरची तुकडी सूनबाई घेतील. खालच्या तुकड्यांची व्यवस्था आहे तशीच राहील."

"अरे वा," कुणीतरी म्हणालं. खुसपटची आई पुढे येऊन सुनेला म्हणाली, "किती छान शिकवलंत हो. आमची कधी कुणावर खूश होत नाही, ती खूश आहे."

"मी कसली शिकवते," सून म्हणाली. तिनं पेला खिडकीत ठेवला, बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात थंडगार होता. "बाईंनी शिकवलंय मला. इतके दिवस रोज. आपल्याकडचं सगळं दिलं त्यांनी मला. काही म्हणता काही मागे ठेवलं नाही."

हे ती पालकांना सांगत होती. पाहत मात्र बाईंकडे होती.

"आता असं कुठे कुणी शिकवतं?" आजी म्हणाल्या. "लोक साधा पत्ता सांगतानासुद्धा एक वळण गाळतात."

"खरंय," सून म्हणाली. "बाईंसाठी एकदा टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. सगळ्यांच्या हातात पेले होते, म्हणून त्या मनगटावर, पेल्यावर, कशातरी वाजल्या. सरांनी मान डोलावली. मग मघाच्या गृहस्थांनी पुढाकार घेतला, "आणि नव्या मॅडमसाठी." बाईंनी अजून चहा घेतला नव्हता. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते, त्यामुळे या खेपेला टाळ्या सर्वांत मोठ्या त्यांच्याच वाजल्या.